पोटावर पिशवी, पायाखाली गाडी

या आजारानं मी शांत झाले, समजूतदार झाले, असलं काही वाचायला मिळेल म्हणून कुणी हे हातात घेतलं असेल, तर त्यांनी खुशाल ठेवून द्यावं. मला राग आला होता. तो अजून उतरलेला नाही. ज्यांना शौचातून रक्त जातंय आणि लाजेपायी ज्यांनी ते घरातही सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. बायांसाठी जास्त, कारण आपण फार दिवस गप्प बसतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आमचे हे वीज खात्यात. लाइनमन म्हणून लागले, उपकेंद्रावर ऑपरेटर होऊन निवृत्त झाले. शाळेतल्या पोरांचं ऐकून ऐकून हेही मला बाईच म्हणायला लागले, ते आजतागायत. घर नांदेडला, मुलगा प्रशांत पुण्याला.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली. वऱ्हाडं वाहून वाहून ती पार खिळखिळी झाली होती. ह्यांनी सीटा काढल्या, दिवाण ठोकला, ओटा केला, टपावर सोलर बसवलं, पाण्याची टाकी चढवली. मागच्या कोपऱ्यात पत्र्याची एवढीशी मोरी आणि तिच्यात कमोड. गल्लीतले हसायचे, "साहेब, म्हातारपणी बिऱ्हाड पाठीवर का घेता?" प्रशांतला तर लाजच वाटायची. पण आमचं ठरलं होतं. ज्या ज्या गावांत नोकरी केली, संसार केला, तिथं पुन्हा जायचं. जन्मभर बदलीच्या आदेशावर गावं बदलली. आता आपल्या मर्जीनं जायचं आणि मर्जीनं निघायचं.

पहिल्यांदा अर्धापूरला गेलो. माझी पहिली शाळा तिथली. पत्र्याच्या वर्गाजागी स्लॅबची इमारत उभी होती. माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी भेटला, डोक्याचे केस गेलेले, त्यानं केळीचा अख्खा घड आणून गाडीत टाकला. तो संपेपर्यंत आम्ही केळ्यांवर होतो. मी हसत होते, फिरत होते. आणि पदराआड रक्त जात होतं.

मूळव्याध

नांदेडच्या एका डॉक्टरांकडं मी वर्षभर जात होते. पहिल्याच दिवशी मान खाली घालून सांगितलं, "रक्त पडतंय." ते म्हणाले, "मूळव्याध आहे. तिखट कमी करा बाई. बैठं काम होतं ना तुमचं?" बैठं! चौथीचा वर्ग ज्यानं सांभाळलाय त्याला विचारा बैठं काम म्हणजे काय. मलम दिलं, चूर्ण दिलं. पुढच्या खेपेला दुसरं मलम. त्यानंतरच्या खेपेला तिसरं. वजन उतरलं तर म्हणाले, "चांगलंच आहे, या वयात उतरलेलं बरं."

वर्षभरात त्यांनी मला एकदाही तपासलं नाही. पडद्यामागं झोपवून बोटानं तपासायचं, एवढंच करायचं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, गाठ बोटाला लागत होती. हे वाक्य मी आजही मनात म्हटलं की दात आवळले जातात. बोटाला लागत होती.

म्हणून पहिली गोष्ट. मूळव्याध आहे असं न तपासता कुणी सांगितलं, तर तिथून उठायचं नाही. "तपासा" म्हणायचं. लाज त्यांची ते बघतील.

इस्लापूर

इस्लापूरला ह्यांनी उमेदीची वर्षं काढली. प्रशांत तिथंच चालायला शिकला. गाडी उपकेंद्राच्या मागं लावली होती. सकाळची वेळ, ह्यांचे जुने सोबती भेटायला आलेले, बाहेर चहा चाललेला. मी आत कमोडवर बसले आणि उठताना खाली बघितलं. नुसतं लाल. पाय गेले. पत्र्यावर डोकं आपटल्याचा आवाज ह्यांनी बाहेर ऐकला.

दार आतून बंद होतं. ह्यांनीच बसवलेली कडी ह्यांनीच पान्यानं उचकटली. मला दिवाणावर घातलं आणि तशीच गाडी नांदेडकडं काढली. रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. हे मुळातच कमी बोलतात. पण त्या दिवशी मला ते गप्प राहणं खुपलं. वाटलं, काहीतरी बोला. निदान रस्त्याला शिव्या द्या.

दवाखान्यात दुर्बिणीनं तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला. मग एक दिवस आम्ही दोघं रिपोर्टला गेलो. दारातून कंपाउंडर ओरडला, "नातेवाईक कोण आहे? नातेवाइकांनी आत या." हे आत गेले. मी बाहेर बाकावर. माझ्या आतड्याचा रिपोर्ट, आणि मी बाहेर चपलांच्या ढिगाजवळ.

हे बाहेर आले तेव्हा ह्यांचं तोंड पांढरंफटक. म्हणाले, "काही न्हाई बाई. आतड्याला सूज हाय. लातूरला शेक घ्यावा लागतो म्हणे. मशीन हाय तिथं."

संशय आला होता. आला नाही असं म्हणणार नाही. पण हे कधी खोटं बोलले नव्हते, आणि ते खरं असावं असं मलाही वाटत होतं. सूज. सूज उतरते.

मग घरात विचित्र गोष्टी घडायला लागल्या. प्रशांत रजा घेऊन आला आणि नळ सोडून मोरीत रडला. विहारातल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या, माझा हात हातात घेऊन बसल्या. जिच्याशी कचऱ्यावरून माझं वाकडं होतं ती शेजारीण खीर घेऊन आली. सुजेसाठी कुणी एवढं करतं?

मला कळलं तो दिवस

लातूरच्या दवाखान्यात मोठं दालन होतं, बाकांवर माणसंच माणसं. दारावरच्या पाट्या इंग्रजीत, नुसत्या आद्याक्षरांच्या. हे फायलीला रांगेत उभे होते. माझ्या शेजारी निलंग्याकडची एक बाई बसली होती. लेकीशी कानडीत बोलायची, माझ्याशी मराठीत. तिनं विचारलं, "तुमचा कुठला ओ?"

"कुठला काय?"

"क्यान्सर ओ. माझा गर्भपिशवीचा हाय."

मी म्हटलं, "मला क्यान्सर न्हाई. सूज हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग रांगेत उभ्या असलेल्या ह्यांच्याकडं बघितलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "माय, हितं सुजंचे येत न्हाईत. सगळे त्याचेच येतेत."

मी उठले. गाडी आवारात लावली होती, तिच्यात जाऊन बसले. थोड्या वेळानं हे चहा घेऊन आले.

"कधीपासून माहीत हाय तुम्हाला?"

"आधी चहा घे बाई."

"मी विचारून राहिले. कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"प्रशांतला?"

"त्यालाबी."

"विहारातल्या बायांना?"

ह्यांनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला.

"म्हणजे पोट माझं, आणि पोटात काय हाय ते सगळ्या गल्लीला माहीत. मला सोडून!"

"तू हाय खाशील असं वाटलं. डॉक्टर म्हणले, प्रशांत म्हणला..."

"आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणलात? तुमचं तोंड कुठं गेलं होतं?"

मी चहाचा कप पत्र्यावर फेकला. स्टीलच्या कपाला पोचा पडला आणि चहा ह्यांच्या सदऱ्यावर उडाला. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही. मी इतकं बोलले, की आवारातली माणसं गाडीकडं बघायला लागली. मी आजारानं रडतेय असं त्यांना वाटलं असेल. मी त्यासाठी रडत नव्हते. जन्मभर ज्या माणसाबरोबर डब्यातली भाकरी वाटून खाल्ली, त्यानं मला माझ्याच मरणाच्या बाहेर बसवलं होतं.

मग तोंड धुतलं आणि एकटी डॉक्टरांकडं गेले. वयानं लहान बाई होत्या. म्हणाल्या, "नातेवाइकांनी विनंती केली होती, पेशंटला सांगू नका म्हणून."

मी म्हटलं, "मॅडम, पेशंट मी आहे. इथून पुढं जे सांगायचं ते मला सांगा. त्यांना काय सांगायचं ते मी ठरवीन."

त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. कागदावर आतडं काढून दाखवलं. आधी शेक म्हणजे रेडिएशन, मग ऑपरेशन, मग सलाइनमधून केमोची औषधं. गाठ इतकी खाली आहे की शौचाची जागाच काढावी लागेल, आणि पोटावर कायमचं तोंड करून पिशवी लावावी लागेल. "कायमची?" मी विचारलं. "कायमची," त्या म्हणाल्या. भीती वाटली. पण गेल्या कित्येक दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोललं होतं.

शेकाचे दिवस

रोज तेच. पाठीमागं उघडा राहणारा झगा घालायचा, टेबलावर पालथं पडायचं, सगळे खोलीबाहेर जायचे, मशीन घरघरायचं. पडल्या पडल्या मी पाढे म्हणायचे, उलटे. बाहेर आलं की बाकावर निलंग्याची ती बाई. तिच्या लेकीनं केलेली उसळ ती झाकणात काढून मला द्यायची. मला फार खाता यायचं नाही, पण ती देते म्हणून मी घ्यायचे.

"पॉझिटिव्ह राहा" असं सांगणाऱ्यांचा मात्र वीट आला. फोनवर सांगायचे, सकाळी सकाळी फुलांची चित्रं पाठवायचे. एका पाहुण्यानं तर सांगितलं, गाडीत राहून अवेळी अरबट-चरबट खाल्लं म्हणून झालं. मी म्हटलं, "मग तुम्हाला का न्हाई झालं? एका लग्नात तीनदा पंगतीला बसता." तेव्हापासून त्यांचा फोन नाही. बरं झालं.

ह्यांच्याशी मी कामापुरतं बोलत होते. ते रोज गाडी लावायचे, फाइल उचलायचे आणि डॉक्टरांच्या दारापाशी आले की फाइल माझ्या हातात द्यायचे. आत यायचे नाहीत. मी बोलावलं तरच यायचे. मी फार दिवस बोलावलं नाही.

नणंदेचं घर

ऑपरेशन झालं. पोटावर लाल, ओलसर, बोरासारखं तोंड आणि त्यावर चिकटवलेली पिशवी. पहिल्यांदा बघितलं आणि ओकारी आली. सिस्टरनं ह्यांना बोलावलं, "काका, शिकून घ्या, घरी तुम्हालाच करायचंय." हे आले आणि खिडकीकडं बघायला लागले.

"तिकडं काय बघता?" मी म्हटलं. "हिकडं बघा."

बघितलं त्यांनी. हात धुतले आणि सिस्टर सांगेल तसं करायला लागले. पिशवीच्या चिकट चकतीला गोल भोक कापायचं, कातडी कोरडी करायची, दाबून धरायचं. जन्मभर तारा जोडलेला हात. पहिल्याच खेपेला पिशवी नीट बसली.

लातूरला माझी नणंद शकुंतला राहते. दवाखान्यातून सुटल्यावर आम्ही तिच्याकडं गेलो. लग्न होऊन आले तेव्हापासून सासरची माझी सगळ्यात जवळची बाई म्हणजे ती. एकाच पातेल्यात हात घालून आम्ही दोघींनी भात खाल्लाय. आता तिनं मला पुढच्या खोलीत झोपवलं. मी जाईन तिथं उदबत्ती लावायची. दुसऱ्या दिवशी बघितलं तर माझी ताटली वेगळी, पेला वेगळा, आणि ती भांडी मोरीच्या बाहेर उपडी घातलेली. नातवंडांना माझ्या खोलीत यायला बंदी. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वहिनी, तुम्ही मागच्या अंगणातला संडास वापरत जा. आतला पोरं वापरतेत."

मी पोट धरून उठले. "शकू, माझी ताटली बाहेर का ठेवतीस?"

"तसं न्हाई ओ वहिनी. लेकरं हायेत घरात. लागलं-बिगलं तर?"

"हे लागत न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टर काय, सांगतेत."

"तुझी आजी लोकांच्या दारात वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं पीत होती. तूच सांगितलंस मला. आणि तू आपल्या घरात, आपल्याच माणसाची ताटली बाहेर ठेवतीस?"

तिचं तोंड उतरलं. ह्यांनी माझ्या कोऱ्या पिशव्या, औषधं, कपडे उचलले. एवढंच म्हणाले, "शकू, येतो." भावानं बहिणीला दोन शब्द सुनावावेत असं मला फार वाटत होतं. त्यांनी सुनावले नाहीत. तोही राग मी गाडीत बरोबर घेतला.

गाडीत

दवाखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर मालकाला विचारून आम्ही गाडी लावली आणि सलाइनचे सगळे महिने तिथंच काढले. पिशवीवाल्या माणसाला काय लागतं? पाणी, आडोसा, आणि नाक न मुरडणारं माणूस. हे सगळं त्या पत्र्याच्या खोक्यात होतं. सलाइननंतर जीव नको व्हायचा. तोंडाला चव नाही, बोटांना मुंग्या, थंड पाण्याला हात लावला की शॉक बसल्यागत. हे मला पाणी कोमट करून द्यायचे. वास आला तर मागचं दार उघडायचे, पण माझ्या तोंडावर कधी नाक धरलं नाही.

प्रशांतचा फोन आला. "आई, आता ते खेळणं विकून टाका. मी गिऱ्हाईक बघितलंय. तुम्ही पुण्याला या."

"तुझ्या पाचव्या मजल्यावर बंद खोलीत येऊन पडू?"

"लोक काय म्हणतील? आईला क्यान्सर आणि ती प्लॉटवर गाडीत राहते!"

"लोकांना सांग, आईला क्यान्सर हाय हे आईच्या आधी त्यांना कळलं, मग बाकीचंबी कळू दे."

तो म्हणाला, "चुकलं माझं, आई." तेव्हा मी फोन ठेवला नाही. आम्ही दोघंही थोडं रडलो.

औसा

दोन सलाइनांच्या मध्ये बरे दिवस यायचे. अशाच एका दिवशी मी म्हटलं, "चला, औशाला जाऊ." हे म्हणाले, "औशाला? कशाला?"

औशाचं आम्ही कधी बोलायचो नाही. लग्नानंतर ह्यांची पहिली बदली तिथली. किल्ल्याच्या बाजूला एका गल्लीत खोली ठरली होती. सामान आत लावलं, चूल मांडली. घरमालकानं दारात उभं राहून आडनाव विचारलं. ह्यांनी सांगितलं. तो आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, खोली पाहुण्यांना द्यायची आहे. मांडलेली चूल मीच मोडली. ह्यांनी तेव्हा हात जोडले. "बरं मालक," म्हणाले. उपकेंद्राच्या सामानाच्या खोलीत आम्ही संसार सुरू केला. त्या "बरं मालक"चा राग मी इतकी वर्षं पोटात धरला होता.

गल्ली सापडली. घराचा दर्शनी भाग बदलला होता, खाली चपलांचं दुकान. गाडी समोर उभी केली, आणि तिथंच माझी पिशवी एका बाजूनं सुटली. साडी भरली. ह्यांनी पडदे ओढले, पाणी काढलं आणि कामाला लागले.

पत्र्यावर थाप पडली. बाईचा आवाज. "ओ, गाडी काढा हितून. आमच्या दारात लावता का?"

हे खाली उतरले. माझं अर्धं आवरलेलं, उघडं पोट पदरानं झाकून मी ऐकत होते. आता म्हणतील, "बरं." आता हात जोडतील.

"गाडी रस्त्यावर हाय," हे म्हणाले. "तुमच्या दारात न्हाई."

"गिऱ्हाईक येतेत आमचे."

"येऊ द्या की. माझ्या बायकोचं आवरायलोय. ते झाल्याबिगर गाडी हलणार न्हाई. तुम्ही पोलीस बोलवा, न्हाई तर गल्ली बोलवा." शेवटी शेवटी ते ओरडत होते. माझ्या नवऱ्याचा ओरडण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मी पडदा सरकवला. चाळिशीची बाई होती, हातात चपलांचा खोका. मी तिला म्हटलं, "क्यान्सर हाय मला. पोटाला पिशवी हाय, ती सुटली. धुऊन झालं की जातो." तिनं माझ्याकडं बघितलं, "सावकाश होऊ द्या," म्हणाली आणि आत गेली. तिचा काय दोष? तिनं ते घर कुणाकडून तरी विकत घेतलं होतं. तो जुना घरमालक कधीच मेला होता, आणि माझ्या रागाचा पत्ता असा कुठंच उरला नव्हता.

हे आत आले. धाप लागलेली. नवी पिशवी घेतली, दाबून धरली. हात अजून तापलेला होता.

"तवाच बोलायला पाहिजे होतं," ते म्हणाले. मी विचारलं, "घरमालकाला?"

"त्यालाबी. शकूलाबी. आणि तुलाबी, त्या रिपोर्टच्या दिवशी."

मी कोरडी साडी नेसले. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या दारात त्यांनी फाइल माझ्या हातात दिली, तेव्हा मी म्हटलं, "चला आत."

आता

औषधं संपली. तपासण्या अजून चालू आहेत, आतापर्यंतच्या चांगल्या आल्यात. निलंग्याच्या बाईचा फोन लागत नाही. का, ते मला माहीत नाही, आणि विचारायचं धाडस होत नाही. पिशवी आहे, ती जन्माची सोबत. मी तिच्यासकट किनवटचा घाट उतरलेय, शाळेच्या कार्यक्रमात भाषण केलंय. कातडी कधी सोलवटते, प्रवासात कधी फजिती होते. ज्यांना नवी नवी पिशवी लागलीय त्यांना एवढंच सांगते, घरातलं एक तरी माणूस बसवून ती बदलायला शिकवा, आणि ते खिडकीकडं बघायला लागलं तर टोका.

मागच्या महिन्यात तपासणीसाठी लातूरला होतो. गाडी त्याच प्लॉटवर. दुपारी शकू आली. माफी वगैरे काही नाही. धपाट्यांचा डबा दिवाणावर ठेवला. मी एक धपाटं खाल्लं, तिच्याकडं न बघता. मग ती म्हणाली, "वहिनी, दाखवा की."

"काय?"

"ते. पोटावरचं."

मी पदर बाजूला केला. ती वाकली, अगदी जवळून बघितलं. नाकाला पदर लावला नाही. तिनं विचारलं, "दुखतंय का ओ?"

आमच्या अख्ख्या खानदानात हे कुणी विचारलं नव्हतं. "न्हाई," मी म्हटलं. "दुखत न्हाई."

ती दिवाणावर बसून हुंदके द्यायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. अजून तेवढं झालेलं नव्हतं.

"रडत काय बसलीस," मी म्हटलं. "ऊठ, चहा ठेव. गॅस डाव्या हाताला हाय."